खेळाच्या संदर्भाचे आयुष्य : लीळाचरित्रातील द्यूत ते वृत्तपत्रातील व्हिडिओ गेम

१

वाङ्मयकृतीत एखाद्या खेळाचा उल्लेख येतो तेव्हा वाचकाकडून एका विशिष्ट प्रकारच्या ज्ञानाची अपेक्षा केलेली असते. वृक्ष, वस्त्र किंवा अलंकार यांचा उल्लेख शब्दकोशाच्या आधारे बऱ्याच अंशी उलगडता येतो. खेळाचे तसे नसते. खेळ ही वस्तू नसून व्यवहार असतो. त्याला नियम असतात, त्यात काही पणाला लागलेले असते, आणि हार-जीत म्हणजे काय हे खेळणाऱ्यांनी आधीच मान्य केलेले असते. हे ठाऊक नसेल तर संदर्भ वाचला जातो, पण त्यातील ताण वाचकापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच खेळ लुप्त झाला की त्याचा उल्लेख करणारी ओळही काहीशी मुकी होते.

संदर्भाच्या या स्वरूपाचा विचार व्हिडिओ गेमच्या निमित्ताने नव्याने करावा लागतो. कादंबरी, चित्रकथा आणि वृत्तपत्रातील हास्यचित्रमालिका या तिन्ही ठिकाणी हा यंत्रावरचा खेळ गेल्या चार-पाच दशकांत उल्लेखिला जाऊ लागला आहे. परंतु या उल्लेखांकडे केवळ काळाच्या खुणा म्हणून पाहिले, तर खेळ आणि वाङ्मय यांच्या जुन्या संबंधातील एक टप्पा म्हणून त्यांचे मूल्यमापन होऊ शकत नाही. मराठीत हा संबंध गद्याच्या आरंभापासून आहे, आणि त्याचा एक धागा बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीतून जातो. मराठीतील आद्य चरित्रग्रंथ मानल्या गेलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या भ्रमंतीतील स्थाने म्हणून लोणार आणि मेहकर येतात, आणि त्या ग्रंथाचे एक प्रमुख संपादक विष्णु भिकाजी कोलते हे मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. शहाजी-जिजाऊंच्या विवाहाची बखरीतील कथा सिंदखेडच्या जाधवांच्या घराशी निगडित आहे. चिखली तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी तर अगदी अलीकडची. या निरनिराळ्या काळांतील लेखनात खेळ, डाव आणि पणाला लागणे यांची रूपे कशी बदलत गेली हे पाहिले, म्हणजे व्हिडिओ गेमच्या संदर्भाचे वेगळेपण आणि त्याचे दुबळेपणही स्पष्ट होते.

विवेचनाच्या सोयीसाठी खेळाच्या वाङ्मयीन संदर्भाच्या तीन पातळ्या कल्पिता येतील. पहिली नामनिर्देशाची : खेळाचे नाव येते आणि त्यावरून काळ, वय किंवा सामाजिक स्तर सूचित होतो. दुसरी रूपकाची : खेळाचे नियम जीवनातील दुसऱ्या एखाद्या व्यवहाराला लावले जातात. तिसरी रचनेची : कृतीची घडणच खेळासारखी होते. पहिल्या पातळीवरचा संदर्भ सर्वांत सोपा आणि सर्वांत अल्पायुषी असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवरचा संदर्भ मूळ खेळ लोपल्यानंतरही काही काळ जगू शकतो. हे असे का होते, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२

लीळाचरित्राची रचना म्हाइंभटांनी शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास ऋद्धिपूर येथे केली असे सामान्यतः मानले जाते. चक्रधरांच्या पूर्वायुष्यासंबंधीच्या भागात भडोचचा प्रधानपुत्र हरिपाळदेव येतो. त्याला द्यूताचे व्यसन आहे. तो डाव हरतो, जिंकणाऱ्यांचे देणे अंगावर येते, आणि ते फेडण्यासाठी तो पत्नी कमळाइसेकडे तिचे अलंकार मागतो. ती नकार देते. पाठभेदांनुसार तपशील काहीसे बदलत असले तरी या प्रसंगाचा परिणाम स्पष्ट आहे : हरिपाळदेवाचे मन संसारातून उठते. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो आणि ऋद्धिपुरास त्याला गोविंदप्रभूंची भेट होते.

या प्रसंगाचे वाङ्मयीन सामर्थ्य कशात आहे? द्यूताचा संदर्भ भारतीय परंपरेत नवा नव्हता. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची पत्नी त्याला दूर लोटते. महाभारतात पत्नीच पणाला लावली जाते. लीळाचरित्रात पत्नी पणाला लागत नाही. जे पणाला लागू शकले असते ते ती आपल्या हाती राखते. जुन्या कथेतील डावाचा नियमच येथे एका स्त्रीच्या नकाराने अडतो आणि त्या अडण्यातून कथानायकाच्या आयुष्याला दिशा मिळते. फासे कोणत्या आकाराचे होते, किती दान पडले की जीत मानत, याची माहिती आजच्या वाचकाला नसली तरी प्रसंग निष्प्रभ होत नाही. कारण खेळातील जोखीम ग्रंथकाराने वाक्यातच मांडली आहे : देणे, अलंकार, नकार. संदर्भ समजण्यास आवश्यक असलेला भाग त्याने खेळाच्या हवाली न करता कथनाच्या हवाली केला.

या ग्रंथाचे एकक ‘लीळा’ आहे ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही. लीळा म्हणजे ईश्वराची क्रीडा. म्हाइंभटांच्याच गोविंदप्रभुचरित्रात गोविंदप्रभू मुलांमध्ये मिसळून खेळतात, आणि लोकांना ते वेड वाटते. म्हणजे एकाच संप्रदायाच्या वाङ्मयात खेळाची दोन टोके दिसतात. एका टोकाला मनुष्याला बांधणारे द्यूत, दुसऱ्या टोकाला कोणतेही फळ न मागणारी क्रीडा. एकात पणाला सर्व काही लागते, दुसरीत काहीच लागत नाही. योहान हायझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात आणि रोजे काय्वा यांनी १९५८ मध्ये आपल्या खेळविषयक ग्रंथात जे भेद मांडले, त्यांचा सैद्धान्तिक उच्चार महानुभावांनी केला नाही हे खरे. परंतु नशिबावर सोपवलेला खेळ आणि मुक्त, स्वैर खेळ यांतील अंतर त्यांच्या गद्याला अचूक जाणवले होते.

३

लीळाचरित्राचे पुढे काय झाले हेही संदर्भाच्या आयुष्याच्या दृष्टीने बोधप्रद आहे. परंपरा सांगते की मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत नष्ट झाली आणि शिष्यांनी स्मरणाच्या आधारे ती पुन्हा उभी केली. त्यातूनच हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ आणि इतर पाठ निर्माण झाले. पुढे हे वाङ्मय सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केल्यानंतर ते अभ्यासकांसमोर येऊ लागले. ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले, शं. गो. तुळपुळे यांचे संपादन १९६० नंतरच्या दशकात आले. आणि कोलते यांनी सिद्ध केलेली संहिता १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली.

अशा संपादकाचे काम केवळ शुद्ध पाठ निश्चित करण्याचे नसते. लुप्त झालेला व्यवहार शब्दाभोवती पुन्हा उभा करणे हाही त्या कामाचा भाग असतो. कोणते नाणे, कोणते वस्त्र, कोणता खेळ हे टीपेत सांगितल्याखेरीज सातशे वर्षांपूर्वीचे गद्य बोलके होत नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या प्राचीन मराठी शब्दकोशापर्यंत ही परंपरा येते. म्हणजे लीळाचरित्रातील खेळाचा संदर्भ आज जिवंत आहे तो दोन कारणांनी : ग्रंथकाराने तो प्रसंगात रुजवला, आणि अभ्यासकांनी त्याची राखण केली.

४

वारकरी परंपरेत खेळाचा संदर्भ दुसऱ्या पातळीवर, म्हणजे रूपकाच्या पातळीवर विस्ताराने येतो. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आणि हुतुतू आहेत. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, टिपरी, फुगडी अशा खेळांच्या नावांनीच ओळखले जाणारे अभंग आहेत. या रचनांची भूमिका सर्वसाधारणपणे एक असते. खेळाचे नियम श्रोत्याला अंगवळणी पडलेले आहेत, आणि त्याच नियमांतून त्याला देह, अहंकार, संगत व नामस्मरण यांच्याकडे नेले जाते. कवीला खेळ समजावून सांगावा लागत नाही. श्रोत्याच्या पायांना तो ठाऊक आहे, एवढ्यावरच रूपक उभे राहते.

आज त्यांपैकी फुगडी समजते, विटीदांडू आठवतो; हमामा मात्र बहुतेक विद्यार्थ्यांना टीपेवाचून कळत नाही. येथे व्यायामविषयक वाङ्मयाचे साहाय्य होते. द. चिं. मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांत सिद्ध केलेल्या व्यायामज्ञानकोशासारख्या ग्रंथाने देशी खेळांची जी नोंद करून ठेवली, तिचा उपयोग वाङ्मयाच्या अभ्यासकालाही आहे. मात्र रूपकाचा एक विशेष लक्षात घेतला पाहिजे : खेळ लोपला तरी त्याचा आशय भाषेत झिरपून राहतो. दान पडणे, सोंगटी मारणे, डाव मोडणे, शह-काटशह, प्यादे पुढे सारणे, भिडू मिळणे हे शब्दप्रयोग वापरणाऱ्या कित्येकांनी सारीपाट किंवा बुद्धिबळ कधी मांडलेले नसते. रूपक पुरेसे वापरले गेले की खेळ मागे राहतो आणि भाषा त्याचा वारसा चालवते.

तिसऱ्या, रचनेच्या पातळीचेही एक देशी उदाहरण आहे. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडलेला मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. त्यातील घरांना गुणदोषांची नावे असतात. शिडी सद्गुणाने वर नेते, साप दुर्गुणाने खाली आणतो. खेळणारा फाशाच्या किंवा कवड्यांच्या दानाने घराघरांतून जात एक नीतिकथा वाचतो, आणि दर वेळी ती कथा वेगळ्या क्रमाने वाचली जाते. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात वाचकाच्या कृतीवाचून पुढे न सरकणाऱ्या संहितांची चर्चा करताना चिनी ‘यी चिंग’ या भविष्यग्रंथापर्यंत मागे जाऊन उदाहरण घेतले. त्या मालिकेत मोक्षपटाचीही गणना करता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि पुढे त्यातील नीतीची नावे गळून केवळ आकडे उरले. खेळ टिकला, संहिता पुसली गेली. संदर्भ हरवण्याचा हा उलट प्रकारही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

५

खेळ आणि वास्तव यांच्यामध्ये एक रिंगण असते. त्या रिंगणात बोललेले शब्द बाहेर बांधून घेत नाहीत, असा अलिखित करार असतो. हायझिंगांनी या रिंगणावर भर दिला आहे. सिंदखेडच्या लखुजी जाधवांची बखरीतील कथा नेमकी या कराराच्या भंगाची आहे. रंगाच्या सणाला लहानगे शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उधळतात. लखुजी थट्टेने जोडा शोभतो अशा अर्थाचे काही बोलतात. मालोजी तो शब्द खरा धरतात आणि विवाहाचा आग्रह धरतात. या कथेच्या ऐतिहासिक प्रामाण्याविषयी अभ्यासक साशंक आहेत. तथापि वाङ्मयीन दृष्ट्या तिची घडण अर्थपूर्ण आहे. बखरकाराला एका राजवंशाचा आरंभ सांगायचा आहे, आणि तो त्यासाठी रणांगण किंवा दरबार न निवडता मुलांचा खेळ निवडतो. खेळातील शब्द खेळाबाहेर खरा ठरणे हीच त्याच्या कथनाची कळ आहे.

लीळाचरित्रातील द्यूत, संतांची खेळरूपके आणि बखरीतील रंग या तिन्ही ठिकाणी खेळाचा संदर्भ कृतीच्या अर्थाला हलवतो. तो काढून टाकला तर कृती उणी होत नाही, कोसळते. व्हिडिओ गेमच्या संदर्भाला लावावयाची कसोटी हीच आहे.

६

व्हिडिओ गेमचा सार्वजनिक इतिहास फार मोठा नाही. अटारी कंपनीचा ‘पाँग’ १९७२ चा, जपानमधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ चा, ‘पॅकमॅन’ १९८० चा, अलेक्सी पाजित्नोव यांनी मॉस्कोत रचलेला ‘टेट्रिस’ १९८४ चा. मुद्रित वाङ्मयाने या खेळांची दखल आश्चर्य वाटावे इतक्या लवकर घेतली. ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्याच वर्षी जपानमध्ये मित्सुरु सुगाया यांची ‘गेम सेंटर अराशी’ ही चित्रकथा सुरू झाली; तिचा नायक यंत्रावर खेळणारा मुलगाच आहे. इंग्लंडमध्ये कादंबरीकार मार्टिन एमिस यांनी १९८२ मध्ये या खेळांवर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. ते दीर्घ काळ दुर्मीळ राहून २०१८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाले. अमेरिकेत बिल अमेंड यांच्या १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘फॉक्सट्रॉट’ या हास्यचित्रमालिकेत घरातील धाकट्या मुलाचे खेळवेड हा विनोदाचा कायमचा आधार झाला.

यांतील बहुतेक संदर्भ नामनिर्देशाच्या आणि रूपकाच्या सीमारेषेवर राहतात. रचनेच्या पातळीवर जाणारे एक उदाहरण मुंबईत जन्मलेल्या लेखकाचे आहे. सलमान रश्दी यांच्या २०१० मधील ‘लूका अँड द फायर ऑफ लाइफ’ या कादंबरीत निद्रिस्त पित्याला वाचवण्यासाठी निघालेल्या मुलाला आपल्याजवळ किती जीव उरले आहेत हे दृष्टीच्या कडेला आकड्यांत दिसते, आणि टप्पा ओलांडल्यावर प्रगती राखून ठेवता येते. परंतु त्याच्या पित्याला मात्र एकच जीव आहे. खेळातील अनेक जीव आणि मनुष्याचा एक जीव यांतील हा विरोध कादंबरीचा भावनिक आधार आहे. व्हिडिओ गेमचा नियम येथे अलंकार म्हणून आलेला नाही; मृत्यूविषयी काही सांगण्याचे ते साधन आहे. हमामा किंवा विटीदांडू यांच्या रूपकांनी संतकाव्यात जे केले त्याच्याशी याचे नाते आहे.

७

मराठीत वृत्तपत्रीय हास्यचित्रमालिकेचा विचार करताना ‘चिंटू’ टाळता येत नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही मालिका २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाली. मिनी, पप्पू, बगळ्या, राजू, जोशीकाकू यांच्या वाडीतील हे जग मूलतः पटांगणाचे आहे. क्रिकेट हा त्या जगाचा समाईक खेळ, आणि त्यातील विनोद अनेकांच्या एकत्र येण्यातून निर्माण होतो. ही मालिका सुरू झाली ते वर्ष आर्थिक उदारीकरणाचेही आहे. त्यानंतरच्या काळात दूरचित्रवाणीला जोडायची खेळयंत्रे, घरगुती संगणक आणि अखेर मोबाइल मध्यमवर्गीय मराठी घरात आले. चित्रमालिकेच्या चौकटीत पडद्याने प्रवेश करणे अपरिहार्य होते.

तथापि मराठी हास्यचित्रांत पडद्यावरचा खेळ बहुधा एकाच स्वरूपात येतो : मान खाली घातलेले मूल, त्याला हाका मारणारे आईवडील, आणि रिकामे पटांगण. खेळाचे नाव बदलते, चित्र बदलत नाही. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ची भीती वृत्तपत्रांतून पसरली, सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने ‘पबजी’वर बंदी घातली. या प्रत्येक वेळी खेळाचे नाव बातमीतून व्यंगचित्रात आले आणि बातमी विरताच विरून गेले. त्या खेळात नेमके काय करावयाचे असते, त्यात काय पणाला लागते आणि मूल त्यात का रमते, हे प्रश्न संदर्भाने विचारलेच नाहीत. हा संदर्भ पहिल्या पातळीवरच थांबतो.

अपवाद म्हणून एका घटनेकडे पाहता येईल. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमीचा डाव दिसत असल्याची चित्रफीत प्रसृत झाली. संबंधित मंत्र्यांनी आपण खेळत असल्याचा इन्कार केला, परंतु ते कृषिखात्याचे मंत्री असल्यामुळे पत्ता हे काही दिवस राजकीय चिन्ह बनले. पुढच्याच महिन्यात संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. येथे पडद्यावरच्या खेळाचा संदर्भ एकाएकी अर्थसंपन्न झाला, याचे कारण तो शेतीच्या संदर्भाला भिडला. पावसाचा जुगार ही शेतीविषयीची उक्ती विदर्भात केवळ उक्ती नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २००४ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचा मान मिळालेल्या ‘बारोमास’मधील शिकलेला, कोरडवाहू शेतीत अडकलेला एकनाथ ज्या अनिश्चिततेत जगतो ती कोणत्याही यंत्राने निर्माण केलेली नाही. तिथे डाव दर हंगामाला मांडावा लागतो, आणि तो न मांडण्याचे स्वातंत्र्य खेळणाऱ्याला नसते. ज्याला डावाबाहेर पडता येत नाही त्याचा खेळ हा खेळ राहतो का, हा हायझिंगांच्या व्याख्येलाच अडचणीत आणणारा प्रश्न आहे. या प्रश्नाशी पडद्यावरच्या पत्त्यांचा स्पर्श झाला म्हणून त्या आठवड्यातील संदर्भाला धार आली. द्यूताचे जुने रूपक नव्या यंत्रातून परत आले, असेच म्हणावे लागेल.

८

मराठीत व्हिडिओ गेमचा संदर्भ सामान्यतः नावापाशीच का थांबतो याची काही कारणे संभवतात. पहिले असे की संतांनी निवडलेले खेळ सामूहिक होते. श्रोता आणि कवी एकाच पटांगणात खेळलेले असत. व्हिडिओ गेम पुष्कळदा पिढीला पिढीपासून वेगळे करतो. लिहिणारा तो खेळलेला नसतो आणि खेळणारा अजून लिहू लागलेला नसतो. दुसरे कारण नियमांच्या स्वरूपात आहे. विटीदांडूचे नियम खेळणाऱ्यांच्या तोंडी असतात, त्यांवर भांडता येते, ते गावागणिक बदलतात. यंत्रातील नियम आज्ञावलीत बंद असतात. खेळणारा त्यांना शरण जातो, पण ते उच्चारीत नाही. ज्याचा उच्चार होत नाही त्याचे रूपक होणे कठीण. तिसरे कारण परिभाषेचे. राज्य येणे, गडी बाद होणे, डाव अंगावर येणे असे मराठी क्रियापद या खेळांना अद्याप मिळालेले नाही. ‘लेव्हल’, ‘गेम ओव्हर’ हे शब्द बोलण्यात रुळले. ‘गेम करणे’ या प्रयोगाला तर मुंबईच्या गुन्हेगारी बोलीतून जीव घेण्याचा अर्थ येऊन चिकटला. पण हा शब्दसाठा अद्याप तुटपुंजा आहे.

या कारणांना एक आक्षेप घेता येईल. नवे खेळ भाषेत मुरायला वेळ लागतो. क्रिकेटलाही लागला, आणि आज ‘क्लीन बोल्ड’ किंवा ‘गुगली’ मराठी अग्रलेखात सहज येतात. आक्षेप योग्य आहे. मात्र क्रिकेट दीडशे वर्षे मूलतः तेच राहिले, तर विशिष्ट व्हिडिओ गेमचे आयुष्य काही वर्षांचे असते. भाषेला मुरवून घ्यायला जो अवधी लागतो तो या खेळांना मिळतच नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. ज्या देशात हा उद्योग वाढला तेथील ही स्थिती असेल, तर मराठी मुलांनी नकली यंत्रांवर आणि साध्या मोबाइलवर खेळलेल्या खेळांची नोंद कोणाकडे असणार?

९

येथे लीळाचरित्राच्या पोथीची आठवण अप्रस्तुत ठरू नये. ती पोथीही हरवली होती, स्मरणातून जुळवली गेली, सांकेतिक लिपीत बंद राहिली, आणि कोणीतरी त्या लिपीची उकल केल्यावर वाचकांकडे परतली. जुन्या खेळाची आज्ञावली आजच्या संगणकावर चालवून दाखविणारा तंत्रज्ञ आणि सकळ लिपी वाचणारा संशोधक यांच्या कामांत मुळात भेद कमी आहे. दोघेही बंद झालेला व्यवहार पुन्हा वाचनीय करतात. भेद आहे तो प्रतिष्ठेचा. महानुभाव पोथीमागे श्रद्धा होती, म्हणून ती जपली गेली. वृत्तपत्रातील तीन चौकटींच्या विनोदामागे तशी श्रद्धा नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी वाचली जाणारी वृत्तपत्रे रद्दीत जातात, आवृत्तीगणिक पाने बदलतात, आणि हास्यचित्रांची सूची बहुधा कोणी करीत नाही.

व्हिडिओ गेमचा संदर्भ उथळ आहे म्हणून तो नोंदण्याजोगा नाही, असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढणे चुकीचे होईल. उलट जो संदर्भ स्वतःच्या बळावर टिकू शकत नाही त्यालाच टीपेची गरज अधिक असते. हरिपाळदेवाचे द्यूत टीपेवाचूनही निम्मे समजते. २०१७ मधील एका व्यंगचित्रातील देवमासा आणखी वीस वर्षांनी मुळीच समजणार नाही, आणि त्याबरोबर त्या वर्षीच्या मराठी पालकाची भीतीही समजेनाशी होईल. वाङ्मयेतिहासाला ती भीती हवी आहे, कारण पुढे लिहिल्या जाणाऱ्या मराठी कादंबरीचा लेखक कदाचित तिच्याच सावलीत मोबाइल लपवून खेळत होता. त्या पिढीचे लेखन अद्याप पुरते यायचे आहे. ते येईल तेव्हा पडद्यावरचा खेळ रूपकाच्या आणि रचनेच्या पातळीवर उतरेल की नाही, याचे उत्तर त्या लेखनातच मिळेल.

ते वाचण्याची सिद्धता मात्र आज करता येते. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हाती घ्यावीत अशी कामे मोठ्या खर्चाची नाहीत : जिल्ह्यात येणाऱ्या दैनिकांतील हास्यचित्रमालिकांची तारीखवार सूची, त्यांत आलेल्या खेळांची नावे, नियम आणि बोलीतील शब्द, ते खेळ कोणत्या यंत्रावर व कोणाबरोबर खेळले जात याविषयीच्या मुलाखती. खेडोपाडी विटीदांडूचे नियम जसे गावागणिक भिन्न होते, तसेच एकाच मोबाइलवर चौघांनी आळीपाळीने खेळण्याचे नियमही गावागणिक भिन्न असणार, आणि ते आज्ञावलीत लिहिलेले नाहीत. नरवेलसारख्या गावातून आलेल्या एका अभ्यासकाने तेराव्या शतकातील गद्याची संहिता विसाव्या शतकासाठी सिद्ध केली. त्याच्या जिल्ह्यातील आजच्या विद्यार्थ्याला आपल्याच बालपणाच्या खेळांची टीप लिहावयाची आहे. ते खेळ खेळलेले लोक हयात आहेत, आणि सध्या तरी ही टीप लिहिणे सोपे आहे.